दाजींना सुख सापडलं

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, पन्नाशी उलटल्यावर सुख सापडलं. ते सुख घेऊन ते घरी आले तेव्हा ताई त्यांच्याच पँटची तुटलेली चेन बदलत होती.

त्याआधीचे दाजी मी ताईच्या लग्नापासून पाहत आले होते. विम्याच्या ऑफिसात ते भरपाईच्या टेबलावर बसायचे. कुणाची गाडी ठोकली गेली, कुणाच्या घरात पाणी शिरलं, की त्याचे कागद यांच्यापुढे यायचे, आणि दाजी ते उघडण्याआधीच म्हणायचे, "यात लबाडी असणार." घरी आले की चहा गार, पंखा कुरकुरतो, शेजारी हलकट, साहेब गाढव. स्वतः मात्र धुतल्या तांदळासारखे. माणूस कंटाळवाणा होता, पण समजण्यासारखा होता. अशी माणसं घरोघरी असतात आणि त्यांची सवय होते.

मग ऑफिसने सगळ्यांना एका शिबिराला धाडलं. मनावरचा ताण कमी करण्यासाठी आठवडाभर मौन. बाकीचे लोक फुकटचं जेवून, कंटाळून, चार किलो वाढवून परत आले. दाजी उजळून आले.

मी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते, कवळ्या बनवते. दिवसभर लोकांची हसणी माझ्या टेबलावर मेणात नाहीतर प्लास्टरमध्ये पडलेली असतात. त्यामुळे मला कळतं म्हणून सांगते, दाजींचं ते हसू बसवलेलं होतं. मापात होतं, चकाकत होतं, पण त्याने काही चावता आलं नसतं.

"सुख बाहेर नसतंच," दाजी दारात उभे राहून म्हणाले. "ते आत असतं. कायमचं. आपण तिकडे बघत नाही, एवढंच."

"सुख आत असू दे," ताई म्हणाली, "पण बूट बाहेर काढा. फरशी ओली आहे."

त्यांनी बूट काढले, आणि ते उचलून कपाटात कुणीतरी ठेवील म्हणून तिथेच सोडले. तेवढं मात्र शिबिराआधीसारखंच होतं.

ताईचं सोफा-खुर्च्यांचं दुकान आहे. नव्या विकायचं नाही, जुन्या नीट करायचं. फाटलेलं रेक्झिन काढायचं, बसलेला फोम बदलायचा, पट्टे ताणायचे, नवं कापड चढवायचं. आमच्या वडिलांकडून ती हे शिकली. मी शिकले नाही, कारण मला कापसाच्या धुळीने शिंका येतात. दुकान तळमजल्यावर, त्यामागे एक खोली आणि मोरी, आणि तिथून दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर घर. घरात ताई, दाजी आणि दाजींची आई. मूलबाळ नाही. दाजींच्या आईला मीही आईच म्हणते, कारण त्यांनीच मला पहिल्या दिवशी बजावलं होतं, "मावशीबिवशी म्हणू नकोस, मी कुणाची मावशी नाही." बाईंच्या जिभेला हाड नाही आणि कधी नव्हतं.

सुरुवातीला ताई खूशच होती.

"चहा गार झाला तरी काही बोलत नाहीत गं," ती मला फोनवर म्हणाली. "काल मीठ जास्त पडलं होतं. मुकाट्याने जेवले. वर हसले."

"वेड लागलं असेल," मी म्हटलं.

"लागू दे. शांत आहे घर."

शांतता टिकली ती महिना-दीड महिना. मग ताईच्या ध्यानात आलं की दाजींनी तक्रार करणं सोडलंय, त्याचबरोबर बाकीचंही सगळं सोडलंय. आधी कुरकुरत का होईना, बाजारातून सामान आणायचे, बिलं भरायचे, आईंना डॉक्टरकडे न्यायचे. आता दिवा गेला तर अंधाराकडे प्रेमाने बघत बसायचे. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा मी तिथेच होते.

"दाजी, प्लंबरला फोन केलात?" मी विचारलं.

"थेंबाचा आवाज ऐक," दाजी म्हणाले. "किती पूर्ण आहे."

"बादलीही पूर्ण भरलीय," आई आतून ओरडल्या. "ओत म्हणावं कुणीतरी!"

दाजी हसले. बादली ताईने ओतली. प्लंबरला फोनही तिनेच केला, दुकानातून, तोंडात टाचण्या धरून.

त्यानंतर दाजींनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. ताईला विचारलं नाही, सांगितलं. ती म्हणाली, "घर कसं चालायचं?" तर म्हणाले, "घर चालतच असतं. आपण चालवतो हा आपला भ्रम आहे." आता ज्या माणसाने उभ्या जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, त्याला घर आपोआप चालतं असं वाटणारच. पाण्यातल्या माशाने पाणी भरलंय का कधी?

दाजी एकटे सुखी राहिले असते तरी चाललं असतं. पण सुखी माणसाला गप्प बसवत नाही. आधी ऑफिसातले दोघे-तिघे यायला लागले, मग त्यांच्या बायका, मग बायकांच्या मैत्रिणी. रोज संध्याकाळी बैठक. दिवाणखान्यात पंधरा-वीस माणसं डोळे मिटून बसायची. आईंनी त्यांचं नाव ठेवलं डोळेमिटे. त्यांत एक बंगलेवाली होती. नवरा वारलेला, मोठा बंगला, त्यात ती एकटी. दाजी बोलायला लागले की ती अशी मान हलवायची, की वाटावं मानेत स्प्रिंग बसवलीय. एक व्यायामशाळेचा मालक होता, त्याला रडू यायचं. रोज. ठरल्या वेळी. एक बाई तर चपला घालताना वाकल्या वाकल्या पुटपुटायच्या, "मी आनंद आहे, मी आनंद आहे," आणि जाताना दुसऱ्याची छत्री घेऊन जायच्या.

या सगळ्यांना चहा ताई करायची. दुकान बंद करून, तीन जिने चढून, कारण लिफ्ट बंद, हात धुवायचे आणि आधण ठेवायचं. दाजींनी तिच्याकडून या लोकांना बसायला गोल उशाही शिवून घेतल्या. चांगल्या घट्ट भरलेल्या, कडेला गोट लावलेल्या. त्यांवर बसून ते लोक सांगायचे की देहाला कशाचीच गरज नसते.

एकदा माझ्यासमोर ताई कपांचा ट्रे घेऊन आली तेव्हा दाजी सगळ्यांना म्हणाले, "हिला अजून गवसलेलं नाही. हिचं सुख कामात अडकलंय. पण मी घाई करत नाही. प्रत्येकाची वेळ असते."

सगळ्या डोळेमिट्यांनी डोळे उघडून ताईकडे कनवाळूपणे पाहिलं. ज्या बाईच्या हातचा चहा घशाखाली जात होता, तिची त्यांना कीव येत होती.

"साखर हवी का कुणाला?" ताईने विचारलं.

माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. "दाजी," मी म्हटलं, "तुमचं सुख नक्की आतच असतं ना? मग ते टिकवायला बाहेर एवढी माणसं का लागतात राबायला?"

दाजी हसले. बंगलेवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "राग ही पहिली पायरी आहे." मी म्हटलं, "या इमारतीत पायऱ्याच आहेत, लिफ्ट कुठे चालते." कुणी हसलं नाही. सुखी लोकांना विनोद कळत नाहीत, हे मी तेव्हापासून ओळखून आहे.

मग ती शनिवारची संध्याकाळ आली. माझी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. एका हॉटेलच्या खुर्च्यांच्या गाद्या आणि कव्हरं पोचवायला मी ताईबरोबर गेले होते. येताना उरलेल्या फोमचं गाठोडं दोघींनी दोन्हीकडून धरलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच आम्हाला आईंचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण ती नेहमीची शिवी नव्हती. ताईने गाठोडं सोडलं. माझ्यासकट ते तीन पायऱ्या खाली गेलं आणि ती वर पळाली.

मी पोचले तेव्हा दार उघडं होतं. दिवाणखान्यात बैठक बसली होती. वीसेक माणसं, ताठ पाठी, मिटलेले डोळे. आतून आई ओरडत होत्या, "अरे कुणी आहे का! अरे मेलात का सगळे!" आणि दाजी मधोमध, मऊ, संथ आवाजात सांगत होते, "आवाज येतोय. नुसता ऐका. त्याला नाव देऊ नका. हा त्रासाचा, हा वेदनेचा, असं म्हणू नका. तो येतोय, येऊ द्या. जाईल."

आणि ते लोक ऐकत होते. व्यायामशाळेच्या मालकाच्या डोळ्यांतून धार लागली होती. एवढा आडदांड माणूस, दोन हातांनी म्हातारीला उचलून आणता आलं असतं. पण तो रडत बसला होता आणि ते रडणंही नुसतं बघत होता.

ताई त्यांच्यातून वाट काढत आत गेली होती. कुणाच्या तरी हातावर तिचा पाय पडला असावा, कारण एक बाई किंचाळली आणि तिने त्या आवाजाला लगेच नाव दिलं.

आई मोरीत पडल्या होत्या. एक पाय भलत्याच दिशेला वळला होता. ताई खाली बसून त्यांचं डोकं मांडीवर घेत होती. आईंचा चेहरा पांढराफटक, पण तोंड चालू होतं.

"नाव देऊ नका म्हणतोय," आई म्हणाल्या. "मी ऐकलं सगळं. मी त्याला नऊ महिने वागवला, त्याचं नावसुद्धा मीच ठेवलं, आणि तो लोकांना सांगतोय माझ्या ओरडण्याला नाव देऊ नका!"

"बोलू नका आई, हलू नका," ताई म्हणाली.

"का नको बोलू? कंबर मोडलीय, जीभ नाही!"

मी रुग्णवाहिका बोलावली. स्ट्रेचरवाले जिन्यावरून आईंना खाली नेत असताना दाजी दारात आले. डोळेमिटे त्यांच्यामागे अर्धवर्तुळात उभे. दाजींनी आईंच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "आई, वेदना शरीराला आहे. तुला नाही."

"मग तूच जा की हे शरीर घेऊन," आई म्हणाल्या, "मी थांबते इथे."

तेव्हा ताईला हसू आलं. इतक्या गडबडीत, हाताला फोमचा चुरा चिकटलेला, डोळ्यांत पाणी, आणि ती हसली. दाजींना वाटलं तिलाही गवसलं. त्यांनी खुशीने मान डोलावली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, नीट झालं. दाजी रोज भेटायच्या वेळेला यायचे, खाटेशेजारी डोळे मिटून उभे राहायचे आणि वेळ संपली की जायचे. नर्स दोनदा म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा, सलाइन बदलायचंय," तिसऱ्यांदा तिने त्यांना खांद्याला धरून सरकवलं. लंगडं स्टूल सरकवावं तसं.

सुट्टी मिळायच्या दिवशी आईंनी जाहीर केलं, "मी त्या घरी जाणार नाही. तिथे पुन्हा पडले तर तो वर्गच घेईल माझ्यावर. आणि तीन जिने मी काय उडत चढू?"

म्हणून त्यांना दुकानामागच्या खोलीत आणलं. ताईने तिथे पलंग टाकला, दोन उशा खास त्यांच्या मापाने भरल्या, मोरीत धरायला दांडा बसवून घेतला. रात्री सोबत हवी म्हणून ती स्वतःही तिथेच झोपायला लागली. मग तिचे कपडे आले, मग भांडी, मग शेगडी. घर सोडलं असं ती एकदाही म्हणाली नाही. ती फक्त एकेक वस्तू आणत गेली, आणि एक दिवस वरच्या घरात आणण्यासारखं काही उरलं नाही.

मला हे पुरेसं वाटत नव्हतं. मला भांडण हवं होतं, आरडाओरडा हवा होता, जिन्यात माणसं जमायला हवी होती. ताई काही करेना. मग मी मनाशी म्हटलं, थांबा. आता बघू यांचं आतलं सुख. खरकटी भांडी साठली, अंगावरचे कपडे वास मारायला लागले, डबा आला नाही, की पंधरा दिवसांत दाजी ते तीन जिने उतरून, नाक पुसत दुकानाच्या दारात येतील. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचा उंटच काढून घेतलाय म्हटल्यावर तो किती वेळ हवेत बसणार?

मी वाट बघितली. कामावर वाट बघितली, जेवताना वाट बघितली. समोर कवळी असायची आणि डोक्यात दाजी. एका गिऱ्हाइकाचा वरचा सुळा मी उलटा बसवला, इतकी मी वाट बघितली. शेवटी राहवेना, तेव्हा राहिलेली शिवणाची कात्री आणायच्या निमित्ताने मी वर गेले. खरं तर त्यांची फजिती डोळे भरून पाहायची होती. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

दार बंगलेवालीने उघडलं. हाताला साबण, पदर खोचलेला. आत फरशी लख्ख. नळ गळत नव्हता. ओट्यापाशी छत्रीचोर बाई भांडी घासत होत्या आणि व्यायामशाळेचा मालक पुसून रचत होता, तोंडाने एक अक्षर न काढता, जणू काही प्रत्येक ताट हा त्याच्या पोटचा गोळा.

"हे काय?" मी विचारलं.

"श्रमध्यान," बंगलेवाली कुजबुजली. "गुरुजींनी सुरू केलंय. आम्ही पाळ्या लावल्यात. माझी मंगळवार-शुक्रवार. भांडी घासताना फक्त भांडी घासायची. मन इतकं स्वच्छ होतं, तुम्हाला काय सांगू! मी माझ्या घरी तीस वर्षांत हात लावला नव्हता भांड्यांना. मोलकरीण होती ना. केवढं सुख वाया गेलं!"

दाजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. ताईनेच चढवलेल्या कापडाच्या खुर्चीत. वजन थोडं वाढलं होतं. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला, आणि हेच मला सगळ्यात सहन झालं नाही. ते ढोंग करत असते तर मी त्यांना माफसुद्धा केलं असतं.

"ये," ते म्हणाले. "चहा घेणार? आज चहाची पाळी आमच्या इंजिनिअर साहेबांची आहे."

कात्री घेतली आणि मी चालू लागले. जिना उतरताना मला एवढं कळलं की मी हरलेय. माणसाला शिक्षा व्हायला आधी काहीतरी बोचावं लागतं. यांना बोचेल असं जे जे होतं, ते उचलायला माणसं रांग लावून उभी होती. ताईने तेच काम वर्षानुवर्षं केलं तेव्हा त्याला ध्यान कुणी म्हटलं नव्हतं. तेव्हा त्याचं नाव होतं, "अडकलीय कामात."

मी तशीच तणतणत दुकानात गेले. ताई एका जुन्या आरामखुर्चीची पाठ उघडून बसली होती. आई पलंगावरून दाराच्या फटीतून रस्ता बघत होत्या. मी सगळं सांगितलं. पाळ्या, श्रमध्यान, पोटचा गोळा, इंजिनिअरचा चहा. मला वाटलं ताई रडेल, निदान हातातला हातोडा फेकेल.

ताई हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग तोंडातले बारीक खिळे हातात काढून, मग भिंतीला टेकून. "तो पहिलवान... ताटं पुसतो?" तिला पुढे बोलवेना. आई आतून ओरडल्या, "काय झालं? मलाही सांगा!" त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. मी पडले नसते तर अजून तूच घासत बसली असतीस. माझ्या कमरेचे उपकार मान."

"तुम्हाला राग नाही येत?" मी दोघींवर खेकसले. "तो माणूस मजेत आहे!"

"असू दे की," ताई डोळे पुसत म्हणाली.

"असू दे? तुझं काय मग? तू सुखी आहेस का?"

ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती फोमच्या नावाखाली भुसा भरलेल्या सोफ्याकडे बघते.

"हे असले प्रश्न वरच्या घरात विचारतात," ती म्हणाली. "इथे काम चाललंय. जरा हे कापड ताणून धर. आणि एक सांगू? तू दिवसभर त्यांनाच डोक्यावर घेऊन फिरतेस. मी बायको असून इतकं नाही केलं."

मी कापड धरलं. शिंका आल्या. पण तिचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं. तो उलटा सुळा मला आठवला. ज्याच्या तोंडात तो जायचा होता, त्याला बिचाऱ्याला दाजी कोण हेही ठाऊक नव्हतं.

दाजी दुकानात आले ते त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. पांढरे कपडे, सोबत बंगलेवाली, तिच्या हातात त्यांची पाण्याची बाटली. आई तेव्हा वॉकर घेऊन दुकानभर फिरायला लागल्या होत्या आणि गिऱ्हाइकांच्या पसंतीला नावं ठेवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"आई, चालतेस की," दाजी म्हणाले. "बघ, मनाची शक्ती."

"स्क्रूची शक्ती," आई म्हणाल्या. "तीन घातलेत. तू कशाला आलास?"

दाजी एका मोठ्या सभागृहात बोलणार होते. शेकडो लोक येणार होते. पहिल्या रांगेत आई आणि ताई असाव्यात अशी त्यांची इच्छा होती. "लोक विचारतात," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचं हसू किंचित सैल झालं. "घरच्यांबद्दल."

"अरे," आई मध्येच म्हणाल्या, "मला जरा मोरीपर्यंत धर. हिचे हात गोंदाचे आहेत."

दाजींनी हसत इकडेतिकडे पाहिलं. बंगलेवालीकडे पाहिलं. तिची पाळी मंगळवार-शुक्रवार, आणि त्या दिवशी गुरुवार होता. ती आपली बाटली धरून उभी. शेवटी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर कुणीच हललं नाही. मग मी आईंना धरलं, कारण तत्त्वासाठी म्हातारीला ताटकळत ठेवण्याएवढी मी सुखी झालेली नव्हते.

आम्ही परत आलो तेव्हा ताई त्यांना सांगत होती, "त्या दिवशी जमणार नाही. दवाखान्याच्या बाकांचं काम द्यायचंय."

"तू अजून माझ्यावर रागावलेली आहेस," दाजी हळुवारपणे म्हणाले.

"हो," ताई म्हणाली.

"राग धरला की सुख शिरत नाही."

"कोण म्हणतं?" ताईने गोंदाचा ब्रश डब्यात ठेवला. "मी रागावलेलीही आहे आणि मजेतही आहे. सकाळी उठते, आईंशी भांडते, शटर उघडते. बिघडलेली खुर्ची येते, बरी होऊन जाते. दुपारी पाय दुखतात. रागही येतो, बहुधा जेवल्यानंतर, मग जातो. तुमची आठवण आलीच तर त्या गळक्या नळाची येते. मला काही सापडलं नाही, कारण माझं काही हरवलं नव्हतं. तेवढी वाट सोडा, उजेड अडतोय."

दाजींनी वाट सोडली. ते खरंच शांतपणे बाजूला झाले, बंगलेवालीने दार उघडलं, आणि ते गेले. माझी खात्री आहे, कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत ते पुन्हा पूर्ण सुखी झाले असणार.

पुढे दाजी बंगल्यावर राहायला गेले. सभागृह भरलं होतं म्हणे. त्यांचं सुख टिकलं, हे मान्य करायलाच हवं. अशा सुखाला मरण नसतं, ते खाटेवरच्या ढेकणासारखं एका घरातून दुसऱ्या घरात जातं. मी त्यांना माफ केलेलं नाही, ते काम मला कुणी सांगितलेलंही नाही. पण कामावर आता माझ्या टेबलावर एका वेळी एकच तोंड असतं.

तिसऱ्या मजल्यावरचं घर भाड्याने दिलं. ताई आणि आई दुकानामागेच राहिल्या. मी शनिवारी अर्ध्या दिवसाने जाते. मागच्या खेपेला कुणीतरी एक सोफा आणून टाकला होता आणि त्यासाठी निवडलेलं कापडही. जांभळ्या रंगावर पिवळे पोपट.

"हे कुणी पसंत केलं?" आई वॉकरवरून वाकून म्हणाल्या. "डोळे मिटून?"

"गिऱ्हाइकाला आवडलंय, आई."

"गिऱ्हाइकाला बसायचंय, त्याला दिसणार नाही. त्याच्या घरच्यांचा विचार कर."

ताईने कापड पसरलं, पोपटांच्या चोची शिवणीत कापल्या जाऊ नयेत म्हणून दोनदा सरकवलं, आणि खडूने रेघ मारायला लागली. रेघ मारताना ती काहीतरी गुणगुणत होती. सूर बेताचाच होता. आईंनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं.

"ही गातेय," त्यांनी मला विचारलं, "की कुठली खुर्ची कुरकुरतेय?"

"गातेय," मी म्हटलं.

"मग गाऊ दे," आई म्हणाल्या, आणि कान खाजवत पुन्हा पोपटांकडे वळल्या. "पण जरा हळू म्हणावं."